जांभळा वेताळ, करडा हल्क आणि आमचा पावसाळा

जून लागला की मी कपाट उघडून आधी वास घेतो. कुबट, ओलसर वास आला तर समजायचं कुठंतरी बुरशी धरायला लागलीय, आणि मग त्या रविवारी दुसरं काम नाही, एकेक ऑम्निबस, म्हणजे जुने कॉमिक्स अंक एकत्र बांधलेलं जाडजूड पुस्तक, बाहेर काढायचा, सुक्या मऊ कपड्यानं पुठ्ठा पुसायचा, पंख्याखाली पानं मोकळी करायची. मी गोव्यात, पर्वरीत राहतो. इथं पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तिथं कागदाचं काय.

हे वेड डिचोलीच्या घरातनं आलंय. मोठा भाऊ मराठी इंद्रजाल कॉमिक्स जमवायचा. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, आमच्या हाती आलं ते शेवटचं शेवटचं आणि बरंचसं रद्दीवाल्याकडनं किलोवर घेतलेलं. त्यात फॅन्टम या इंग्रजी कॉमिक्समधल्या हिरोचं नाव वेताळ. पुण्यामुंबईच्या पोरांना ते नुसतं हिरोचं नाव वाटत असेल पण आमच्याकडे वेताळ म्हणजे बेताळ, गावचा राखणदार देव. आजीचं माहेर आमोण्याचं, तिथं बेताळाचं देऊळ आहे. अंक जमिनीवर पडलेला दिसला की ती ओरडायची, "अरे उचल तो आधी, पाय लागतोय बघ, नाव कुणाचं आहे त्याच्यावर!" मग आम्ही तो कपाळाला लावायचो आणि परत पालथे पडून वाचत बसायचो. कवटीच्या गुहेत राहणारा जांभळ्या कपड्यातला माणूस आणि रात्री वेशीवरून फिरणारा बेताळ, माझ्या डोक्यात बरीच वर्षं दोघं एकच होते.

ते अंक एका पावसात गेले. माळ्यावरच्या ट्रंकेवर कौल सरकलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही, चवथीच्या साफसफाईला ट्रंक उतरवली तर आत काळपट लगदा. वर एक अंक तेवढा वाचला, तोही कव्हरशिवाय. भाऊ काही बोलला नाही, नुसता ट्रंकेजवळ बसून राहिला.

म्हणून मला रिप्रिंटचं मोल वाटतं. जुने कॉमिक्स छापले जायचे न्यूजप्रिंटवर, आणि तो कागद स्वतःच आम्लामुळे पिवळा पडून तुटत जातो, पाऊस नसला तरी. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशकानं १९८७ ला जुन्या अंकांच्या रिप्रिंटची मास्टरवर्क्स ही मालिका काढायला घेतली, दुसऱ्या प्रकाशकानं, डीसीनं, १९८९ ला आर्काइव्ह एडिशन्स, आणि २००५ ला मार्व्हलच्या फॅन्टास्टिक फोर या चौघा हिरोंचा ऑम्निबस आला, पहिले तीस अंक एका पुस्तकात. पण छपाईच्या मूळ फिल्म्स कितीतरी अंकांच्या शिल्लकच नव्हत्या! मग काही पानं परत गिरवून काढावी लागली, काही ठिकाणी जुन्या छापील पानावरचा रंग केमिकलनं उडवून फक्त काळी रेघ मागं ठेवली आणि वर नव्यानं रंग भरले. एका पानासाठी एवढी मेहनत कुणीतरी घेतलीय हे कळल्यापासून मी ही पुस्तकं वेगळ्या नजरेनं बघतो.

आता रंगाचं सांगतो, कारण माझं सगळं भांडण तिथंच आहे. त्या काळी रंग म्हणजे निळा, लाल, पिवळा, प्रत्येकाचे २५, ५० नाहीतर १०० टक्के, म्हणजे कोरा धरून एकेकाचे चार प्रकार, सगळे मिळून ६४ रंग, बस. न्यूजप्रिंट शाई पिऊन टाकतो त्यामुळे रंगवणारा मुद्दाम भडक रंग द्यायचा, छापल्यावर ते बरोबर उतरायचे. आज तेच आकडे पांढऱ्याशुभ्र ग्लॉसी कागदावर टाकले तर पान अंगावर येतं, आकाश चकाकायला लागतं आणि ट्यूबलाइटखाली वाचताना पुस्तक सारखं तिरकं धरावं लागतं. त्यापेक्षा मॅट, किंचित पिवळसर कागद कधीही बरा असं माझं ठाम मत आहे. टाशेन या प्रकाशकानं २०२१ ला स्पायडरमॅनचं जे भलंमोठं पुस्तक काढलं त्यात त्यांनी संग्राहकांकडचे चांगल्यातले चांगले मूळ अंक उघडून थेट फोटो घेतले, म्हणजे ठिपक्यांसकट जसंच्या तसं पान. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

हल्कचंच बघा ना. १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. पण करडा रंग छापखान्यात नीट येईना, एका पानावर फिका तर दुसऱ्यावर काळा, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. मग पुढं कितीतरी वर्षं पहिल्या अंकाचे रिप्रिंटसुद्धा हिरवेच छापले! वाचणाऱ्याला मूळ गोष्ट कळायलाच नको का? आणि आमचा वेताळ, तो त्याला जन्म देणाऱ्या ली फॉकच्या मनात करडाच होता, १९३६ ला वर्तमानपत्रात रोजची चित्रपट्टी सुरू झाली ती काळी-पांढरी, आणि १९३९ ला रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा होऊन आला तो आजतागायत. म्हणजे दोघंही मुळात करडे. हे कळलं त्या रात्री मी भावाला अकरा वाजता फोन केला होता.

बॅटमॅन आणि जोकरचं 'किलिंग जोक' १९८८ ला आलं तेव्हा जॉन हिगिन्सचे रंग होते, जांभळा पिवळा हिरवा, डोळ्यात खुपणारे. २००८ च्या डीलक्स आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडनं स्वतः सगळं परत रंगवलं, थंड, दबके रंग, जुन्या आठवणींची पानं जवळजवळ काळी-पांढरी. चित्र त्याचं, त्याचा हक्क आहेच, आणि दिसतंही देखणं. पण जोकरच्या गोष्टीत ती जत्रेतली भडक, आजारी रोषणाई मला हवी असते, म्हणून मी जुनी प्रत शोधत राहिलो आणि आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवलीत.

परवा मात्र फॅन्टास्टिक फोरचा दुसरा ऑम्निबस मांडीवर घेऊन बसलो होतो, आठशेच्या वर पानं, पाय बधिर होतात. अंक ५१, १९६६ चा. त्यात चित्रकार जॅक कर्बीनं फोटो कापून चिकटवून एक वेगळंच अवकाश तयार केलंय आणि त्यात चौघांतला रीड एकटा तरंगतोय. या कागदावर त्या फोटोंचे बारीकसारीक तुकडे वेगवेगळे दिसतात, मी अक्षरशः बोट ठेवून एकेक कडा बघत होतो. शिवलेली बांधणी असली की पुस्तक असं सपाट उघडतं, चिकटवलेलं असेल तर मधला भाग दरीत जातो आणि चित्राचा जीव जातो. नवीन पुस्तक एकदम मधनंच उघडू नका हं, दोन्ही टोकांकडनं थोडी थोडी पानं दाबत मध्यावर यायचं, आजी नव्या पोथीला करायची तसं. आणि या ऑम्निबसमध्ये वाचकांची पत्रंही आहेत, साठ वर्षांपूर्वीची पोरं अमका असाच का वागला म्हणून भांडतायत, मी ती एकही सोडत नाही.

खर्च आहे, नाही कशाला म्हणू. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के कस्टम्स ड्यूटी, वर पाठवणी. गेल्या जुलैत एक पार्सल भर पावसात गेटवर ठेवून गेले, कोपरा चेपला आणि शेवटची दहा पानं लाटांसारखी झाली. टिपकागद घालून, वर पाटा ठेवून पंधरा दिवसांनी थोडं सरळ झालं. परत नाही पाठवलं.

फॅन्टमच्या इंग्रजी पट्ट्यांची जाड पुस्तकं निघालीत, पण मराठी वेताळ असा शिवलेल्या बांधणीत, तेच जुने रंग, तेच जुने मराठी संवादांचे फुगे, मला अजून कुठं मिळालेला नाही. कुणी काढला तर दोन प्रती घेईन, एक डिचोलीला भावासाठी.

तोवर तो कव्हर नसलेला अंक माझ्याकडे आहे, आम्लविरहित कागदात गुंडाळून, कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, पाय लागणार नाही असा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात, त्या निळ्या असतात आणि ओल धरली की गुलाबी होतात. आत्ता बघितलं तर चारातल्या तीन गुलाबी झाल्यात, तव्यावर गरम करायला घेतो.