चालू स्प्रिंट मोडला तो सोमवार

स्क्रम ही छोट्या, ठरलेल्या मुदतींत काम करायची पद्धत, आणि अशी एकेक मुदत म्हणजे स्प्रिंट. चालू स्प्रिंट मध्येच रद्द करता येतो आणि तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्या पीओचा असतो, हे स्क्रमच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. प्रत्यक्षात कोणी केलेला पाहिलाय का, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. मी पाहिलाय. ८ जानेवारी २०२४, सोमवार, बाणेरचं आमचं ऑफिस.

आमचं प्रॉडक्ट दुधाचं. गावातल्या संकलन केंद्रावर वजनकाटा आणि मिल्क ॲनालायझरला जोडून चालणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. शेतकरी आपला कोड सांगतो, दूध ओततो. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) पडद्यावर येतात, दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो आणि पावती निघते. सकाळ-संध्याकाळ हेच. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा. टीम छोटी: डेव्हलपर मंडळी, त्यांच्यातच एक टेस्टर, एक पीओ आणि स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रमच्या रीतीने काम करायला मदत करणारी, म्हणून मी. (आमच्या मजल्यावर बऱ्याच जणांचा अजूनही समज आहे की स्क्रम मास्टर म्हणजे मीटिंग रूम बुक करणारी आणि जिरा नावाच्या सॉफ्टवेअरवर कामांची तिकिटं सरकवणारी बाई. असो.)

त्या वेळचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा होता आणि त्याचं ध्येय आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘संचालक मंडळाच्या बैठकीत चेअरमनना तालुकावार संकलन एका पडद्यावर दिसावं.’ एका दूध संघाची बैठक तोंडावर होती, तिथे डेमो द्यायचा होता. सेल्सच्या साहेबांनी त्यासाठी जीव काढला होता. डॅशबोर्ड दिसायला छान होत होता. आलेख, रंग, तालुक्यावर बोट ठेवलं की गावं उघडायची.

आणि मग अनुदान आलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये द्यायचं नक्की केलं, ११ जानेवारीपासून महिनाभरासाठी. संघाने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला किमान २७ रुपये द्यायचे, तेही रोखीने नाही, बँकेतून. वरचे ५ सरकार थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकणार. अट अशी की खातं आधारला जोडलेलं हवं आणि गाईच्या कानात बिल्ला हवा, बारा आकडी नंबरचा, ऑनलाइन नोंदलेला. पेपरात ही बातमी आम्ही सगळ्यांनीच वाचली होती. तिचा आमच्या फळ्याशी काय संबंध, हे फक्त पीओच्या डोक्यात शिरलं, कारण त्या सोमवारी सकाळी सहा वाजता ती शिरूर तालुक्यातल्या एका केंद्रावर उभी होती.

डेली, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, संपत आलं होतं तेवढ्यात पीओ तडक आत आली आणि तिने मोबाईल टीव्हीला जोडला. केंद्राच्या सचिवांच्या वहीचा फोटो होता. शाळेची दुरेघी वही, डावीकडे शेतकऱ्याचा कोड, उजवीकडे पेन्सिलीने लिहिलेले बिल्ल्यांचे नंबर. कुठे अकराच आकडे, कुठे तीन आणि आठ यांतला फरक कळत नव्हता. एका ओळीपुढे सचिवांनी लिहिलं होतं, ‘वडील वारले, खाते कोणाचे?’ वडील जाऊन वर्षं झाली, तरी दूध अजून त्यांच्याच कोडवर जात होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल्ल्याला जागाच नव्हती, म्हणून सचिव रात्री जागून वही भरत होते.

‘‘संघाने बैठक पुढे ढकलली आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सगळी माणसं बिल्ल्यांमागे आहेत. आपला डॅशबोर्ड आज कोणालाच नकोय. मी हा स्प्रिंट रद्द करतेय.’’

आमच्या बॅकएंडवाल्याने अगदी रास्त प्रश्न विचारला. रद्द कशाला? यादीतल्या दोन गोष्टी काढू, बिल्ल्याचं काम घालू. एरवी आम्ही हेच केलं असतं. स्प्रिंटमध्ये काम करता करता नवं काही कळलं तर पीओशी बोलून व्याप्ती कमी-जास्त करता येते, फक्त ध्येयाला धक्का लागता कामा नये. इथे उलटं झालं होतं. यादीतलं प्रत्येक काम जसंच्या तसं पूर्ण केलं असतं तरी ज्या बैठकीसाठी ते चाललं होतं ती बैठकच उरली नव्हती. ध्येय तसंच ठेवून त्याखाली अनुदानाचं काम भरलं असतं, तर पुढचे सगळे दिवस फळ्यावर एक आणि हातात दुसरंच अशी गत झाली असती. अशा टीम मी पाहिल्यात. त्यांच्या डेलीत प्रत्येक जण आपापलं सांगतो आणि कोणी कोणाचं ऐकत नाही.

बातमी मजल्यावर पसरायला दहा मिनिटं लागली. सेल्सचे साहेब आले ते थेट टीमच्या टेबलाशी. ‘‘दोन पोरं अनुदानावर टाका, बाकीचे डॅशबोर्ड संपवा. आज ना उद्या बैठक होणारच आहे ना?’’ त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण ते ज्यांना सांगत होते ती माणसं चुकीची होती. ‘‘सर, चहा घेऊ,’’ म्हणून मी त्यांना बाहेर काढलं. पॅसेजमध्ये बराच वेळ गेला. मी एवढंच सांगत राहिले की कोणतं काम आधी, हे पीओ ठरवते. ते कसं करायचं आणि किती झेपेल, हे काम करणारे ठरवतात. तुमचा मुद्दा तिच्यासमोर मांडा, ती ऐकेल. ‘‘आणि तू काय ठरवतेस?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘सध्या, तुम्ही आत जायचं की नाही ते.’’ हसले, सुदैवाने. आमच्या मॅनेजरनीही फोनवर पीओला एकच प्रश्न केला, ‘‘खात्री आहे?’’ ती ‘‘हो’’ म्हणाली आणि विषय संपला. इथे मॅनेजरनी तिचा निर्णय फिरवला असता तर त्या दिवसानंतर आमच्याकडे पीओ नावापुरतीच उरली असती.

दुपारी नव्याने प्लॅनिंग. डॅशबोर्डचे जे दोन भाग खरोखर पूर्ण होऊन तपासून झाले होते ते पीओने ठेवून घेतले, बाकीचं परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत. नवं ध्येय ठरायला वेळ लागला नाही: ‘सचिवांची वही बंद व्हावी.’

खरी गंमत पोकरला आली. काम किती मोठं, याचा अंदाज आम्ही आकडे लिहिलेल्या पत्त्यांनी लावतो: प्रत्येक जण एक पत्ता टाकतो, त्यावरचे पॉइंट जास्त तितकं काम मोठं. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत या पॉइंटांचा नि पत्त्यांचा उल्लेखही नाही, २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी ही पद्धत मांडली आणि ती सगळीकडे रुळली. पहिली स्टोरी, म्हणजे कामाचा पहिला तुकडा: शेतकऱ्याच्या कोडपुढे बिल्ल्याचा नंबर नोंदवता यावा. पत्ते एकदम उलटले. अँड्रॉइडवाल्याचा ३, टेस्टरचा १३.

‘‘बारा आकड्यांचा एक रकाना आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तेरा कुठून आणलेस?’’

आमची टेस्टर संगमनेरकडची, घरी गोठा. ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमची एक गाय आम्ही लोणीच्या बाजारात विकली. बिल्ला तिच्या कानातच गेला ना? ऑनलाइन नाव अजून माझ्या आजोबांचं. आता ज्याने घेतली तोही तोच नंबर सांगणार. तुझा रकाना दोघांचाही नंबर घेईल. मग पाच रुपये कोणाला?’’

कोणी काही बोलेना. मग तिने एकेक काढायला सुरुवात केली. बिल्ला पडला आणि नवा मारला तर? भाकड गाय दूध देत नाही पण बिल्ला आहे, ती मोजायची? दोन भाऊ वेगळे झाले, गोठा एकच, कोड दोन? अँड्रॉइडवाल्याने स्वतःचा पत्ता उचलून घेतला आणि वहीत लिहायला लागला. मी त्या खोलीत तोंडातून शब्द काढला नाही; काढायची गरजच नव्हती.

शेवटी त्यांनी स्टोरी फोडली. एकच नंबर दोन कोडांवर आला तर ॲपने नोंद अडवायची नाही, दोन्ही घ्यायच्या आणि सचिवांना वादातल्या नंबरांची वेगळी यादी दाखवायची. कोणाची गाय ते सचिव गावात विचारून ठरवतील, ते आमच्या ॲपचं काम नव्हे. हा मुद्दा पीओने लावून धरला, कारण सकाळच्या रांगेत मशीनने ‘नंबर चुकीचा’ म्हणून दूध अडवलं तर मागचे पंचवीस जण सचिवांच्या नावाने शंख करणार. आकडे बाराच आहेत का एवढंच जागेवर तपासायचं, आणि नोंद संकलनाच्या वेळी नाही, नंतर निवांत करायची. नेट नसलं तरी चालली पाहिजे. सरकारला द्यायच्या फाईलचा साचा अजून आमच्या हातात आला नव्हता, म्हणून ते काम घेतलं नाही. पीओला ते हवं होतं, पण ‘‘न पाहिलेल्या साच्याला आम्ही हो म्हणणार नाही’’ असं बॅकएंडवाला म्हणाला, आणि किती काम घ्यायचं हा शब्द डेव्हलपरांचाच, त्यामुळे तिने मान्य केलं. सकाळी तिने त्यांचा स्प्रिंट मोडला होता, दुपारी त्यांनी तिची मागणी परत केली, आणि दोघांपैकी कोणाचंच तोंड वाकडं झालं नव्हतं.

वादातल्या नंबरांची ती यादी पुढे सगळ्यात जास्त वापरली गेली. पहिल्या रिव्ह्यूला, म्हणजे स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवायच्या बैठकीला, शिरूरचे सचिव व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी स्वतःच्याच केंद्रातले दोन नंबर वाचून दाखवले आणि ‘‘हा आमचा पाहुणाच निघाला की,’’ म्हणून मोठ्याने हसले.

संघाची बैठक नंतर झाली. सेल्सचे साहेब पुढच्या प्लॅनिंगच्या आधी डॅशबोर्डची मागणी घेऊन आले, या वेळी थेट पीओकडे. तिने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि ती बॅकलॉगमध्ये बरीच खाली टाकली. नेमकी कितव्या नंबरवर, हे त्यांनी बाहेर येऊन मला दोनदा विचारलं. मी पीओकडे बोट दाखवलं.