चढताना गप्प, उतरताना खटखट

बाईंनी गाडी गॅरेजच्या दारात लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "ऐका."

खट-खट-खट-खट. लोखंडावर लोखंड आपटावं तसा कोरडा ठोका. समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली माणसंही वळून बघायला लागली. गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. बाई पाचगणीच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीच्या पुढे. अजूनही पसरणी घाट स्वतः उतरून बाजाराला वाईत येतात.

"दोन ठिकाणी दाखवली," त्या म्हणाल्या. "दोघांचंही एकच, बेअरिंग गेलंय, इंजिन काम निघालं. एकाने ४५ हजार सांगितले आणि वर म्हणाला, एवढे घालण्यापेक्षा भंगारात द्या." मग किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. घाट चढताना ही गप्प असते. उतरताना खटखट करते."

मी मान हलवली आणि बोनेट उघडलं. ते वाक्य तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढचा सगळा दिवस वाचला असता.

पद्मिनीचं इंजिन मला तळहातासारखं माहीत आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, तो खाली ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर. हात घालायला सगळीकडे जागा. पण हल्ली हे इंजिन खोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात बारीकसारीक वस्तूसुद्धा मिळायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, घासायला दिला आणि त्या मापाचं बेअरिंगच मिळालं नाही, तर चालती गाडी कायमची उभी राहते. अशा दोन गाड्या मी पाहिल्यात, अंगणात, ताडपत्रीखाली. म्हणून बेअरिंगचं नाव घेण्याआधी ते बेअरिंग नाही हे दाखवायची प्रत्येक संधी त्या इंजिनाला द्यायची, असं मी ठरवलं.

आधी ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज जोडला. इंजिन चांगलं तापल्यावरही काटा पडला नाही. बेअरिंग सैल झालं की तेल तिथून निसटतं आणि गरम इंजिनचं प्रेशर बसतं. इथे तसं नव्हतं. थोडं तेल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरलं. बेअरिंग झिजलं असेल तर त्यात चांदीसारखी किंवा तांब्यासारखी चमक दिसते. काळं होतं, पण चमक नव्हती.

मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. एखाद्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल, तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद केल्याबरोबर ठोका मवाळ होतो. चारही वायरी काढून लावल्या. इंजिन अडखळलं, ठोका मात्र तसाच.

माझ्या वस्तादांनी शिकवलेली पुढची पायरी मला फार आवडते. टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरला लावायचा. क्रँकचे दोन फेरे झाले की तो एकदा चमकतो, म्हणजे बरोबर कॅमशाफ्टच्या गतीने. इंजिन जेमतेम चालेल इतकं मंद केलं, डोळे दिव्यावर ठेवले आणि कान ठोक्यावर. चमक आणि खट, चमक आणि खट. एका चमकेला एकच ठोका. क्रँकशी बांधलेला आवाज असता तर दोन आले असते. तेव्हा क्रँक सुटला, रॉड सुटले. जे काय वाजत होतं ते कॅमशाफ्टवर चालणारं होतं.

इतकं कळल्यावर मला वाटलं, टॅपेट. व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या या भागात थोडी फट ठेवावी लागते, ती वाढली की वाजतं. वरचं कव्हर काढलं आणि फिलर गेज घालून बघितलं तर दोन टॅपेट फारच आवळलेले. आवाज दाबायला कुणीतरी फटच मारून टाकली होती. याचा मला मनापासून राग येतो. फट नसली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गॅस त्याच्या कडेवरून जात राहतो आणि एक दिवस तो जळतो. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, आवाज कमी झाला, काम चांगलं झालं. आठही टॅपेट मापात आणले. गाडी चालू केली. खट-खट-खट.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टायमिंग कव्हर, ब्लॉक, डिस्ट्रिब्युटर सगळीकडे टोक टेकवून फिरलो. पेट्रोलच्या पंपावरही टेकवलं, आम्ही त्याला एसी पंप म्हणतो. तिथे जोरात होता, पण हा पंप कॅमच्या धक्क्यानेच हलतो, त्याची थोडी टकटक असतेच. म्हणून मी पुढे गेलो. ही माझी दुसरी चूक.

दुपार कलली. हात धुताना बाईंचं वाक्य परत आठवलं. चढताना गप्प, उतरताना खटखट. बेअरिंगचं बरोबर उलटं असतं, चढाला जोर पडला की ते जास्त ओरडतं. मग चढाला काय वाढतं? पेट्रोल. आणि उतारावर, पाय सोडून गिअरमध्ये गाडी येते तेव्हा? इंजिन पळत असतं, पण पेट्रोल जवळजवळ लागत नाही. कार्ब्युरेटरची वाटी, म्हणजे इंजिनला लागणारं पेट्रोल जिथे साठतं ती, भरलेलीच राहते.

मी ओल्या हातानेच बोनेटपाशी गेलो.

एसी पंपात दोन स्प्रिंगा असतात. मोठी पंपाच्या आतल्या लवचीक पडद्याखाली, ती पेट्रोल ढकलते. छोटी बाहेरच्या दांडीवर, ती दांडीला कॅमला चिकटवून ठेवते. वाटी भरली की पडदा खालीच अडकून राहतो आणि दांडी मोकळी होते. तेव्हा तिला सांभाळते ती फक्त छोटी स्प्रिंग.

इंजिन गार होऊ दिलं. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून तिला लांब रबरी पाइप जोडला आणि त्याचं टोक दाराबाहेर डब्यात सोडलं. वाळूची बादली मदतनिसाजवळ. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं, तेवढाच वेळ हातात होता. "मार," मी म्हणालो.

इंजिन चालू झालं. डब्यात पेट्रोलच्या पिचकाऱ्या पडू लागल्या आणि ठोका नव्हता. गाडी शिलाई मशीनसारखी चालली होती. मी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. खट-खट-खट. काढला, गप्प. परत दाबला, खट-खट. वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत मी तेच करत राहिलो. ४५ हजारांचा आवाज माझ्या अंगठ्याने बंद-चालू होत होता. अंगावर काटा आला.

पंप उतरवला. छोटी स्प्रिंग तुटलेली, तुटलेलं टोक घासून घासून आरशासारखं झालेलं. दांडीच्या टोकावर, कॅम लागतो तिथे, ठोकून ठोकून पडलेला नखाएवढा खळगा. पण स्प्रिंगचे तुकडे जुळवले तर दीड वेढा कमी भरला. पंपाची ही बाजू इंजिनच्या पोटात उघडते, तेव्हा तो तुकडा कुठे गेला हे उघड होतं.

बाईंना फोन केला. "गाडी आज मिळणार नाही. आवाज सापडलाय, पण लोखंडाचा एक तुकडा आत पडलाय, तो काढल्याशिवाय मी देणार नाही." त्या म्हणाल्या, "मग काढा."

दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं उचलून चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, उतरवलं. तुकडा तेलाच्या जाळीला चिकटून बसला होता. खाली उघडलंच होतं, म्हणून चारही रॉड हाताने हलवून पाहिले. कुठेच खेळ नव्हता. जुन्या पंपांच्या डब्यातून चांगली दांडी आणि स्प्रिंग मिळाली. नवं पॅकिंग, नवं तेल.

संध्याकाळी बाईंसोबत पसरणी घाटात गेलो. गाडी त्याच चालवत होत्या. काही वळणं चढून गाडी फिरवली आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून खाली आलो. काचा उघड्या. टायरचा आवाज, वारा, आणि इंजिनची नुसती घरघर. बाई काहीच बोलल्या नाहीत. वाईत शिरताना म्हणाल्या, "हॉर्नचं पण एक आहे. डावीकडे वळताना कधीकधी आपोआप वाजतो."

"फक्त डावीकडेच?" मी विचारलं. "आणि सकाळी की गाडी तापल्यावर?"

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.