साठाव्या चटईनंतर

आमच्या ख्रिस्ती धर्मसंघात तत्त्वज्ञान संपलं की ईशज्ञान सुरू होण्याआधी ब्रदरांना, म्हणजे पाद्री व्हायला शिकणाऱ्यांना, वर्षभर बाहेर कामाला धाडतात. मला वाटलं होतं, तलासरी नाहीतर डहाणू मिळेल, जोडीला वारली शिकेन. मिळालं एल पासो. टेक्सासच्या पश्चिम टोकाचं शहर, मधे रिओ ग्रांदे, पलीकडे मेक्सिकोचं सिउदाद ह्वारेस. नकाशात ती नदी जाड निळी दाखवतात. मी पाहिली तेव्हा लोक गुडघ्याच्या खाली पाण्यातून चालत येत होते.

"वसईकराला स्पॅनिश सोपी जाईल," असं रेक्टर म्हणाले होते. पगार, साबण, पाद्री, इगर्जी हे शब्द पोर्तुगीज आपल्याकडे ठेवूनच गेलेत, आणि स्पॅनिश त्यांची शेजारीण. तीन महिन्यांच्या वर्गात ते खरंही वाटलं. मग २०२२ चा डिसेंबर उजाडला आणि व्हेनेझुएलाची माणसं समोर आली. शिकवणाऱ्या बाई मेक्सिकन, म्हणून मी केळ्याला 'प्लातानो' म्हणायचो. पहिल्याच सकाळी केळी वाटताना एक पोरगा खदखदून हसला. त्यांच्याकडे प्लातानो म्हणजे तळायचं, शिजवायचं केळं. नुसतं सोलून खायचं ते 'कांबुर'. राजेळी आणि वेलची एकच म्हणणाऱ्याला माझ्या आजोबांनी वाडीतून हाकलला असता, तेव्हा मी मुकाट्याने चूक कबूल केली.

गर्दीचं कारण असं. मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली सीमेवर 'टायटल ४२' हे अमेरिकी आरोग्य-कलम लागू झालं होतं. आश्रय मागायला आलेल्यालाही त्यात परत धाडता येई. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हेनेझुएलाचे लोकही त्यात आले. २१ डिसेंबरला ते उठणार म्हणून पलीकडे लोक दिवस मोजत बसले होते, आणि १९ तारखेला अमेरिकेचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ते उठवायलाच स्थगिती दिली. 'तीतुलो क्वारेंता इ दोस' हे शब्द शाळेत न गेलेल्या पोरांच्याही तोंडी होते. त्याआधीच, १७ तारखेला, शहरात आणीबाणी जाहीर झाली होती. सेगुंदो बारियो या वस्तीतल्या सेक्रेड हार्ट चर्चबाहेर माणसं फूटपाथवर ब्लँकेटं घेऊन झोपत होती. आमचं पॅरिश छोटं. हॉलमध्ये साठ चटया मावत.

दिवसा माझ्याकडे फोनचं टेबल होतं. ज्यांना सीमेवरच्या पोलिसांनी पकडून, कागद देऊन सोडलं होतं त्यांचं काम सरळ होतं. नातेवाइकाला फोन लावायचा, बसचं तिकीट काढून घ्यायचं आणि कागद वाचून दाखवायचे. वरच्या कोपऱ्यात 'ए'ने सुरू होणारा नंबर, तो पाठ करा. ही कोर्टाची तारीख. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला फॉर्मवर कळवा, नाहीतर नोटीस जुन्या पत्त्यावर जाईल आणि तुमच्या माघारी निकाल लागेल. हे मी इतक्या वेळा म्हटलं की माझं स्पॅनिश तेवढ्यापुरतं अगदी अस्खलित झालं. अडकलेले होते ते कागद नसलेले. शहराबाहेरच्या हमरस्त्यांवर तपासणी नाके, त्यामुळे पुढे जाता येईना. सरकारी निवाऱ्यातही त्यांना जागा नव्हती.

रात्री दार माझ्याकडे. आधी बायका-मुलं, मग आजारी, मग जागा उरली तर पुरुष. साठ झाले की मी बाहेर येऊन सांगायचो. "या अय नो लुगार." जागा नाही. आमच्या पॅरिशचे पाद्रे म्हणाले होते, "लो सिएंतो, माफ करा, म्हण, पण दोनदा म्हणू नकोस. दोनदा म्हटलं की त्यांना वाटतं, आणखी थोडं विचारून बघावं." तो सल्ला मला तेव्हा निर्दय वाटला होता. चौथ्या रात्री पटला.

१६ ते २४ डिसेंबर, नऊ रात्री मेक्सिकन लोक 'पोसादा' करतात. अर्धी मंडळी मारिया-जोसेफ होऊन दाराबाहेर गाण्यातून आसरा मागतात, अर्धी आतून गाण्यातच नाही म्हणतात, शेवटी दार उघडतं. मग पेरू, ऊस, दालचिनी घालून उकळलेला पोंचे आणि मक्याच्या पिठाचे, कणसाच्या सालीत उकडलेले तामाले. १८ तारखेला गायक कमी पडले म्हणून मला आतल्या बाजूला उभं केलं. हातात कागद, त्यावर घरमालकाच्या ओळी. माझं तोंड उघडेना. शेजारच्या बाईंना वाटलं, मला चाल येत नाही. त्या जोरजोरात गाऊन मला आधार द्यायला लागल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

२२ तारखेपासून थंडी आणखी वाढली. हॉलमध्ये व्हेनेझुएलातल्या मारासाइबोची एक आजी होती, लेक आणि दोन नातवंडांसह कोलंबिया-पनामा सीमेवरचं दारिएनचं जंगल चालून आलेली. मुलगा डेन्व्हरला, पण बसगाड्या रद्द होत होत्या. तामाले तिने दोन दिवस निमूट खाल्ले. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "एर्मानो (ब्रदर), इथे केळीची पानं मिळतात का?" व्हेनेझुएलात नाताळ म्हणजे 'आयाका': मक्याच्या पिठात मांसाचं सारण, केळीच्या पानात बांधून उकडलेलं. कणसाच्या सालीतला तामाल तिच्या लेखी नाताळचा नव्हताच. पानं मिळाली, दुकानाच्या फ्रीजरमध्ये, वीटेसारखी गोठलेली. आजीने एकेक पान गॅसवरून अलगद फिरवलं. त्याचा रंग गडद झाला आणि तो वास आला. पानगी करताना आई नेमकं असंच पान शेकते. मी म्हटलं, मला द्या. दोन पानं मी फाडली, तिसऱ्यापासून तिने मला सुतळी बांधायला बसवलं.

२४ ला दुपारी दीड वाजता घरी फोन केला. वसईत रात्रीचे दोन, सगळे मिस्सावरून नुकतेच आलेले. बाबांनी फोन फिरवून नाताळचा गोठा दाखवला. यंदा विहिरीला रहाटही केला होता. आईने विचारलं, "जेवलास ना रे?" मी म्हटलं, केळीच्या पानातलं. तिला ते थट्टेचं वाटलं.

त्या रात्री चौसष्ट झाले. मी मोजणं चुकल्यासारखं केलं आणि पाद्र्यांनी मोजलंच नाही. पासष्टाव्याला मात्र 'नाही' म्हणावं लागलं. विशीतला पोरगा होता, पायात रबरी चपला. मोजे, दोन ब्लँकेटं आणि एक गरम आयाका देऊन त्याला दुसऱ्या निवाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. तिथे जागा मिळाली की नाही, कळलं नाही.

आजी २८ ला गेली. सहा जानेवारीला तीन राजांच्या सणाच्या केकमधला प्लास्टिकचा बाळ येशू माझ्याच तुकड्यात निघाला. रिवाज असा की ज्याला तो मिळेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले द्यायचे. मी आजीला मेसेज टाकला, आयाका चालतील का? उत्तर चार दिवसांनी आलं. त्यात आयाकाचं काही नव्हतंच. मुलाने खोली बदलली होती, नव्या घराचा फोटो होता आणि खाली प्रश्न: "एर्मानो, पाच दिवस म्हणजे रविवार धरून की सोडून?"