स्पीकर बंद आहे ना?

मे 2021. दुसरी लाट ऐन भरात होती. मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक. गरोदर बायका तपासणीला यायलाच घाबरत होत्या. लस घ्यावी म्हटलं, तर गरोदरपणात ती द्यायची परवानगीच तेव्हा नव्हती. ती आली 2 जुलैला. म्हणून आम्ही यादी समोर घेऊन फोन करायचो.

"कशी आहेस?" "बरी आहे." "झोप लागते?" "लागते."

घरात फोन एकच, नवऱ्याचा, आणि तोही स्पीकरवर. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कोणती सून सांगेल, की रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही? हे कळत असूनही माझ्या वहीत एकेका नावापुढे 'ठीक' लिहिलं जायचं. त्याची बोच आजही आहे.

त्या दुपारी एका आशाताईंचा फोन आला. "मॅडम, ती आठव्या महिन्यातली पोर आहे ना, वजन वाढायचं सोडून उतरलंय. दिवसाला अर्धी भाकरी खाती म्हणं. माझ्याशी बोलली न्हाई, नुसती बघत बसली."

वही उघडली. तिच्या नावापुढे आठच दिवसांपूर्वीचं माझं अक्षर: ठीक.

आशाताईंना म्हटलं, तुमचा फोन तिच्या हातात द्या आणि काहीही करून तिला एकटीला बाहेर काढा. बाई हुशार. सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून त्यांना ओट्यावर बसवलं, आणि "घरात रेंज न्हाई, गोठ्याकडं जा" म्हणून पोरीला धाडलं.

"स्पीकर बंद आहे ना?" मी विचारलं. "हां," ती म्हणाली. मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

गरोदर बायका आणि बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली मला पाठ होती. दहा प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दलचे. दहावा जिवाबद्दलचा. तो विचारला तर नसता विचार डोक्यात शिरेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. विचार आधीच आलेला असतो, आपण फक्त तो बोलायला जागा करून देतो. मी सरळ विचारलं, "स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटलं का?"

बराच वेळ नुसती घंटा.

"विहिरीकडं जातच न्हाई मी आता," ती म्हणाली. "माझंच मला भ्या वाटतं."

मग ती बोलत सुटली. पहिलीच खेप. सातव्या महिन्यात आई न्यायला यायची होती, पण माहेर सोलापूर जिल्ह्यात आणि मध्ये जिल्हाबंदी. वरच्या आळीतली एक बाळंतीण कोरोनानं गेलेली. आणि कुणीतरी हिला सांगितलेलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाळ काढून घेतात, आईला तोंडही दाखवत नाहीत. मी सांगितलं, आईची तब्येत बरी असेल तर बाळ तिच्याजवळच ठेवतात. मास्क लावायचा, हात धुवायचे आणि पाजायचं.

"अंगावर पाजू देतात?" तिनं दोनदा विचारलं.

नवऱ्याला काय सांगायचं ते तिला विचारूनच ठरवलं. त्याला स्पष्ट बोलले: हिला एकटं सोडायचं नाही, तणनाशकाचा डबा आजच घराबाहेर गेला पाहिजे. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मला वाटलं, पोटुशीपणात असंच असतं." त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवर तिची गाठ घालून दिली. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र जोडून आईसाठी ई-पासचा अर्ज भरला. औषधोपचार, पाठपुरावा हे पुढे रीतसर चाललं.

तिसऱ्या दिवशी पास आला. त्या रात्री नऊच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन. पलीकडे वयस्कर आवाज, दबका. शेजारी कुणीतरी झोपलेलं असावं.

"मी तिची आई बोलतीया. दीड भाकरी खाल्ली आज. माझ्या हातनं."