राऊंडमध्ये माझीच विद्यार्थिनी कोसळली

सकाळचा राऊंड चालू होता आणि केस सांगता सांगता ती मधेच गप्प झाली. थर्ड इयरची, अगदी तयारीची मुलगी. मला वाटलं काहीतरी आठवत नसेल, तेवढ्यात हातातली फाईल पडली आणि पाठोपाठ तीही, अंग ताठ, मग झटके. मिनिट-दीड मिनिटच चाललं असेल पण मला ते संपता संपेना. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, शुगर बघितली, नॉर्मल. आधी कधी फिट नाही, डोक्याला मार नाही, सोडियम कॅल्शियम ठीक, सीटी पण क्लिअर.

दुपारी नीट शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "मॅडम, कॉलेजला कळवणार का? मला रजिस्ट्रेशन मिळेल ना?" तिथेच मला खटकलं. मग सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि एकटी तिच्याजवळ बसले.

पाच महिने अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी, चालू होती. परीक्षेच्या टेन्शनने झोप लागेना म्हणून पाव मिलिग्रॅमने सुरुवात, मग तेवढ्याने भागेना, वाढत वाढत दिवसाला ३ मिलिग्रॅम. परीक्षा संपली तशी आता बास म्हणून दोन दिवसांपूर्वी एकदम बंद केलं. हे औषध शरीरातून लवकर उतरतं, सवय झालेली असताना अचानक सोडलं तर फिट येते, कधी जिवावरही बेततं. आणि हे तिला माहीत होतं! मीच व्हायवात विचारलेलं आणि तिने फाडफाड उत्तर दिलेलं. "ते सगळं पेशंटला होतं असं वाटायचं मॅडम," म्हणाली. त्या दिवशी तिचे हात थरथरत होते, मला दिसलं होतं, आणि मी फक्त "घाबरू नकोस गं" म्हणून पुढचा रोल नंबर बोलावला. हे मला अजून सलतं.

२०१६ साली जामा जर्नलमध्ये जगभरातल्या मेडिकल विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा आलेला, साधारण २७ टक्के मुलांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं, आणि त्यातल्या जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतलेले. दरवर्षी मी ही स्लाईड दाखवते. समोर बसलेल्यांना कधी विचारलं नाही.

मी तिला सांगितलं, तू आत्ता माझी पेशंट आहेस, तुझी फाईल तुझ्या परवानगीशिवाय कुठे जाणार नाही. सायकियाट्रीच्या डॉक्टर आल्या, त्याच जातीच्या पण जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर घेतलं, आता काही आठवडे हळूहळू डोस कमी करत जायचं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का असं त्यांनी सरळच विचारलं, तेव्हा ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली आणि मग हो म्हणाली. त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही.

साडेनऊला तिची रूममेट आली, तिच्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या स्ट्रिप्स पिशवीत घालून. मी मोजायला लागले तर ती दारातच घुटमळत उभी.

"मॅडम, त्यातल्या दोन माझ्या आहेत."

मी दार लावून घेतलं आणि तिला खुर्ची दिली.