उपग्रह भाकितापेक्षा लवकर येतो तेव्हा

पश्चिमेकडून वर चढणारा, न लुकलुकणारा ठिपका कोणत्या उपग्रहाचा आहे हे मोबाइलवर कळले की बहुतेकांचे कुतूहल शमते. माझे मात्र तिथून सुरू होते, कारण अ‍ॅपने दाखवलेली वेळ हे भाकीत असते आणि ते कितपत खरे ठरले हे कोणालाही तपासता येते. त्यासाठी साधी द्विनेत्री, स्टॉपवॉच आणि तारानकाशा पुरतो. उपग्रह दोन ओळखीच्या ताऱ्यांना जोडणारी रेषा ओलांडतो तो क्षण टिपायचा आणि ती रेषा त्याने नेमकी कुठे छेदली हे लिहून ठेवायचे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावर असताना सेकंदाला जवळपास एक अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट अंतर कापते, तेव्हा बोट जरा रेंगाळले तरी नोंद वाया जाते.

सर्वांत रंजक असतो तो भाकीत आणि नोंद यांतील फरक. सूर्य अधिक सक्रिय असतो तेव्हा पृथ्वीचे वरचे वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षांतील उपग्रहांना होणारा विरोध वाढतो. तरीही असा उपग्रह उशिरा न येता भाकितापेक्षा लवकर येतो, कारण ऊर्जा गमावून तो खालच्या कक्षेत उतरतो आणि तिथे मार्ग लहान व वेग जास्त असतो. अवकाश स्थानकाची कक्षा मात्र अधूनमधून इंजिने चालवून उंचावली जाते, त्यामुळे या कामी मला निकामी रॉकेटटप्पेच भरवशाचे वाटतात.

हे सारे फक्त संधिप्रकाशाच्या आसपास साधते. सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश गेला की पृथ्वीची छाया आपल्या डोक्यावर ४०० किलोमीटरपर्यंत पोहोचलेली असते. त्या छायेत शिरताना स्थानक काही सेकंद तांबूस होते, हे द्विनेत्रीतून आवर्जून पाहावे.

काही यानांच्या कक्षा जाहीरच केल्या जात नाहीत. अमेरिकेचे एक्स-३७बी हे यान एप्रिल २०१० मध्ये प्रथम कक्षेत गेले, तेव्हा हौशी निरीक्षकांनी महिनाभरातच ते शोधून त्याची कक्षा मांडली. असे यान उंची बदलते तेव्हा वेळापत्रक कोलमडते, पण कक्षेचे प्रतल सहसा फारसे बदलत नाही. म्हणून त्या प्रतलावरील एका बिंदूवर दुर्बीण रोखायची, पृथ्वीच्या परिवलनानुसार तो बिंदू सरकवत राहायचे आणि यान केव्हा ना केव्हा तिथून जाईल म्हणून थांबायचे.