पाठीवरचं पाणी

सह्याद्रीत फिरणाऱ्याची सॅक जमिनीवर उलटी केली, की बाहेर पडणाऱ्या निम्म्याहून अधिक वस्तू पाण्याशी भांडायला तरी आलेल्या असतात किंवा त्याची मनधरणी करायला तरी. पोंचो, जाड प्लॅस्टिकची पिशवी, मोज्यांची जादा जोडी, बाटल्या, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. जून ते सप्टेंबर पाणी अंगावर येतं आणि सॅकमध्ये घुसू पाहतं. फेब्रुवारीनंतर तेच शोधूनही सापडत नाही, म्हणून पाठीवर वाहावं लागतं. वासोटा किल्ल्यासारख्या ठिकाणी तर आधी पाणी ओलांडायचं आणि मग चढाईला लागायचं. हिमालयात जाणारे थंडीचा हिशेब करून सामान भरतात. आपल्याकडे हिशेब पाण्याचा. हे एकदा ध्यानात आलं, की दुकानातल्या बऱ्याच चकचकीत वस्तू घेण्याचं कारणच उरत नाही.

त्यातली पहिली म्हणजे सॅकचं रेनकव्हर. ते घालायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नये. पाऊस मानेवरून पाठीवर उतरतो आणि पाठीवरून सॅकच्या आतल्या बाजूला, जिथे कव्हर नसतंच. कव्हरच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्र नसेल, तर तिथे चांगलं लिटरभर तळं साचतं आणि सॅकचा तळ दिवसभर त्यात बसून राहतो. खरा बंदोबस्त आतून करायचा असतो. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, पीळ खाली दुमडायचा आणि वर रबर लावायचं. कचऱ्याची पातळ काळी पिशवी यासाठी निरुपयोगी. स्टोव्हच्या कडेला लागली की फाटते. रात्रीचे कोरडे कपडे मात्र या पिशवीतही आणखी एका पिशवीत हवेत, कारण दुपारी घाईने डबा काढताना मोठ्या पिशवीचं तोंड उघडंच राहतं.

रेनजॅकेटच्या पट्टीवर ५००० किंवा १०,००० मिमी असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी ते गळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. घाम बाहेर जाण्याचं काय, ते त्या आकड्यात नसतं. 'श्वास घेणारं' म्हणून विकलं जाणारं कापड आतली वाफ बाहेर सोडतं खरं, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर ढगातच चालायचं असतं. तिथे कोरडी हवा आणायची कुठून? तासाभराच्या चढानंतर माणूस आतून घामाने तितकाच भिजतो, जितका बाहेरून पावसाने भिजला असता. म्हणून चढावर पोंचो बरा. खालून मोकळा, सॅकसकट अंग झाकणारा, आणि बराच स्वस्त. त्याचा शत्रू वारा. डोंगराच्या धारेवर तो फडफडत तोंडावर येतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं. कमरेला सुतळीचा एक वेढा दिला की प्रश्न मिटतो. भातलावणीतलं इरलं याच तत्त्वावर बेतलेलं होतं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचे थर, डोकं आणि वाकलेली पाठ झाकलेली, खालून वारा खेळता. आता खाचरांतून प्लॅस्टिकच दिसतं, पण इरल्याची रचना अजूनही कित्येक महागड्या जॅकेटांपेक्षा शहाणी वाटते.

कपड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. भिजलेली जीन्स गुडघ्यावर ताठ होते आणि मांड्या सोलून काढते. पातळ पॉलिएस्टर घालावं आणि रात्रीसाठी एखादा लोकरीचा थर ठेवावा. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. मेंढपाळ घोंगडी सोडत नाहीत ते उगाच नव्हे.

बुटांविषयी मात्र तावातावाने बोलावं असं पुष्कळ आहे. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घेऊ नयेत. पाणी बुटाच्या कापडातून नव्हे, घोट्याजवळच्या तोंडातून शिरतं. पहिला ओढा ओलांडला की आत गेलेलं पाणी तेच जलरोधक अस्तर बाहेर पडू देत नाही, आणि उरलेला दिवस दोन्ही पायांत दोन डबकी घेऊन चालावं लागतं. जाळीचा बूट लगेच भिजतो, पण चालता चालता निथळतो. तळाचं रबर मऊ हवं. कोरड्या कातळावर जवळजवळ कुठलाही रबरी तळ टिकतो, ओल्यावर कडक तळ सटकतो, आणि शेवाळावर काहीच टिकत नाही, किंमत कितीही असो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत मधला भाग टाळून खडबडीत कडेवर किंवा गवताच्या मुळांशी पाऊल टाकावं, आणि पूर्ण तळवा टेकवावा. अ‍ॅक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग बूट मराठी ट्रेकर्समध्ये वर्षानुवर्षं चालले, ते किमतीसाठी आणि कातळावरच्या पकडीसाठी. दिसण्यासाठी ते कोणीच घेतले नसतील.

बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापावीत. उतारावर पाय पुढे सरकतो, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. दुसरी फसगत कपाटात होते. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेसाळ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू विघटित होतो, बूट वापरात नसला तरी. काही वर्षं जपून ठेवलेला, दिसायला नवाकोरा बूट घसाऱ्याच्या वाटेवर तळ सोडतो तो यामुळे. तिथे फेव्हिक्विक कामाचं नाही, कारण ज्याला चिकटवायचं त्या थराचाच भुगा झालेला असतो. तळ आणि वरचा भाग सुतळीने दोन ठिकाणी आवळून बांधायचा, टाचेजवळ एक वेढा आणि पायाच्या कमानीपाशी एक. पुढच्या भागाला बांधलेली सुतळी दगडावर घासून लगेच तुटते. निघण्यापूर्वी बूट हातात घेऊन मधोमध वाकवावा आणि त्या थरावर अंगठा दाबून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुकटी पडली, तर तो बूट घरीच बरा.

आता उन्हाळा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, आणि यात कुठल्याही कंपनीला सवलत देता आलेली नाही. उन्हातल्या चढाला तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, म्हणजे दिवसभराच्या चालीला तीन-चार लिटर पाठीवर. हे वजन सॅकच्या तळाशी टाकलं तर खांदे मागे ओढले जातात, आणि रॉक पॅचवर, म्हणजे हातापायांनी चढायच्या कातळटप्प्यावर, ती ओढ धोक्याची. बाटल्या पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर ठेवाव्यात. कमरपट्टा पोटावर नव्हे, नितंबांच्या हाडावर बसला पाहिजे. तो आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्यांखाली दोन बोटं सहज सरकली, तर सॅक नीट बसली म्हणायची.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं सांगितलंय, आणि एका पाण्यावर निश्चिंत राहू नये असंही. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असं त्यात म्हटलंय. सॅकमध्ये तोफा नसतात, पण नळीवाल्या पाण्याच्या पिशव्या असतात. त्यांच्या नळीचा जोड निसटतो, झाकणाचा आटा तिरका बसतो आणि सगळं पाणी सॅकमध्येच झिरपून जातं. पिशवीत किती उरलं हेही दिसत नाही, त्यामुळे शेवटचा घोट अचानक येतो. निम्मं पाणी पिशवीत आणि निम्मं साध्या बाटलीत असावं.

गडावरच्या टाक्यांपैकी खांबटाकं सापडलं तर उत्तम. खडकाच्या छताखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे शेवाळ कमी धरतं आणि पाणी गार राहतं. एप्रिलमध्ये पातळी खाली गेलेली असते, म्हणून दहा मीटर सुतळी आणि गळा कापलेली एक बाटली सोबत हवी. टाक्यात उतरून पाणी गढूळ करणाऱ्याला मागून येणारे योग्य त्या शब्दांत आठवतात. पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळायचं आणि मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. क्रम उलटा केला तर क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतं आणि जंतू राहतात. तुरटीने गाळ तळाशी बसतो, जंतू मरत नाहीत. चूल पेटलेली असेल तर एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी सगळ्यांत खात्रीचं. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापातच घालायचं, बहुतेक वेळा एका लिटरमध्ये. छोट्या बाटलीत अख्खं पाकीट रिकामं करणं म्हणजे फायद्याऐवजी मीठच जास्त पाजणं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

वासोट्याला या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, सोबतच्या प्लॅस्टिकची मोजदाद द्यायची आणि मग जंगलातून चढ. कोयना अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतायचं असतं, त्यामुळे तंबू आणि स्टोव्हचं वजन वाचतं. चिवडा घरीच स्टीलच्या डब्यात काढून ठेवला, तर चौकीवर मोजायला पाकिटंही उरत नाहीत. टॉर्च मात्र घ्यावीच, कपाळावर बांधायची, २०० ल्युमेनची पुरे. धुक्यात ती कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरायची. डोळ्यांजवळचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांतच येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

लाँचवर लाइफ जॅकेट मिळतं, ते नुसतं गळ्यात अडकवून उपयोग नाही. आधी सगळी बकलं लागतात का पाहावं, मग खालच्या पट्ट्यापासून वर आवळत यावं. शेजाऱ्याला दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावं. जॅकेट कानांपर्यंत चढलं, तर पाण्यातही तसंच चढेल आणि माणूस खालून निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. जॅकेटवर ५० न्यूटन (तरंगवण्याच्या ताकदीचं माप) लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी आहे. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची अपेक्षा १०० न्यूटनपासून पुढे करावी. त्यावर बसू नये. आतला फेस दबतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते.

कोलाडच्या कुंडलिकेवर रबरी तराफ्यातून जाणाऱ्यांना जी लाट भेटते, ती मुळशीच्या पाण्याची. धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि ते सोडलं की नदी जागी होते, म्हणून सकाळची वेळ पाळावी लागते. याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे तराफ्यात बसताना सहसा कोणी सांगत नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी-आकाराची मूठ असते. तिच्यावरून तळहात कधीही काढायचा नाही, कारण पहिल्याच उसळीला ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. तराफ्यातून पडलंच, तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहण्याचा मोह जीवघेणा: पाऊल दोन दगडांत अडकतं आणि पाठीमागून येणारं पाणी माणसाला पुढे पाडून दाबून ठेवतं.

ओढ्याचंही तेच. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, म्हणून गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर थांबावं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय; लगेच उंचावर जावं. ओलांडताना मोजे काढून ठेवायचे, बूट पायातच. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवून एका वेळी एकच पाऊल हलवायचं. आणि दोर माणसाच्या कमरेला बांधायचा नाही, कधीच नाही. माणूस वाहू लागला की ताणलेला दोर त्याला वर काढत नाही, पाण्याखाली ओढतो. फेकायचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असावा, तो तरंगतो, नायलॉन बुडतं. वाहणाऱ्याला आधी हाक मारायची, त्याने पाहिलं की दोर त्याच्या पलीकडे पडेल असा फेकायचा, आणि आपण तो हाताला न गुंडाळता धरून खाली बसायचं.

घरी आल्यावर सॅक रिकामी करून उलटी टांगायची. ओला पोंचो घडी घालून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो आणि आतला लेप पापुद्रे सोडू लागतो. पाण्याच्या पिशवीची नळी काढून, तोंड उघडं ठेवून वाळवायची. जागा असेल तर नुसती फ्रीजरमध्ये टाकली तरी बुरशी वाढत नाही. बूट उन्हात किंवा गिझरजवळ नकोत, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते ओले झाले की बदलायचे, पहिल्या रात्री निदान दोनदा. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या गुळगुळीत पुरवण्या यासाठी कुचकामी आहेत.